नत्रमामांची भिंत

आमच्या शेजारचे उत्तममामा लोकांकडे केस मागत.

विरजण मागावं इतक्या सहज मागत. सकाळी आई मला पुढ्यात घेऊन अंगणात वेणी घालायला बसली आणि फणीत केस अडकले, की बोळाच्या पलीकडून हाक यायची, "आक्का, पोरीचं गुंतवळ फेकू नका बरं का!" हाकेपाठोपाठ मामा स्वतः हजर. उंच, काटकुळे, पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला. आई बोटाभोवती गुंडाळलेला केसांचा पुंजका त्यांच्या तळहातावर ठेवायची, मामा तो शर्टाच्या खिशात जपून ठेवायचे आणि चालू लागायचे. मी तेव्हा लहान होते. शाळेत एका मैत्रिणीने सांगितलं की केसांवर करणी करतात. मी घरी येऊन भोकाड पसरलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आगं, करनी कराया माणसाला येळ लागतो. ह्यांना नत्रातून सवड हाय का?"

नत्र. म्हणजे नायट्रोजन. उत्तममामांच्या आयुष्यात हा एकच शब्द होता, बाकीचे सगळे त्याच्या आगेमागे लावायला ठेवलेले. सेनगावच्या अलीकडे आमचं गाव. सोयाबीन, तूर, कापूस आणि रिकामा वेळ ही तिथली मुख्य पिकं. नावं ठेवायला गावात कुणी आळस करत नाही. उत्तममामांचे नत्रमामा केव्हा झाले हे त्यांना कळलंसुद्धा नाही, आणि कळलं तेव्हा ते खूश झाले.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका जेवणापायी. तरुणपणी तालुक्याला शेतकऱ्यांचं कसलंसं शिबिर होतं आणि दुपारी बुंदीचं जेवण होतं. मामा बुंदीसाठी गेले. स्वयंपाकाला उशीर झाला, म्हणून लोकांना भाषण ऐकावं लागलं. बाकीच्यांनी मंडपात डुलक्या काढल्या, मामा मात्र जागे राहिले, आणि त्याचे परिणाम गावाने पुढे जन्मभर भोगले. त्यांची बायको, म्हणजे आमची गयामामी, हसून सांगायची, "गेले व्हते जेवायला, आन आले हवा खाऊन!"

भाषणात काय होतं ते मामा कुणालाही, कुठेही, न विचारता सांगत. "हवेत नत्रच नत्र हाय, माय. पाचातले चार वाटे. पन झाडाला त्याचा घास घेता येत न्हाई, आन आपल्यालाबी न्हाई. पंगत वाढलेली आन तोंड शिवलेलं, आसं हाय ते." मग ते खातं कोण? इथे मामा आवाज खाली आणत. "गाठीतली मंडळी." तुरीच्या, हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या मुळांना बारीक बारीक गाठी येतात, त्यांत राहणारे जिवाणू म्हणजे ही मंडळी. ती हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात, झाड त्यांना गोड रस पाजतं. झाडाची तूर होते, तुरीचं वरण होतं, वरणाचा माणूस होतो. माणसाचे केस, नखं, गुरांचं शेणमूत मातीत गेलं की तेच पुन्हा पिकाच्या पोटात. वावरात पाणी तुंबलं की थोडं सुटून हवेत पळतं, वीज कडाडली की थोडं पावसाबरोबर खाली येतं. "समदं फिरतं हाय. आपलं काम येवढंच, की आडवायचं न्हाई. फिरू द्यायचं."

'फिरू द्या' हा त्यांचा गुरुमंत्र. लग्नाच्या पंगतीत वाढपी वरण घेऊन आला की मामा म्हणत, "वाढ बाबा, हवा वाढ. फिरू दे." शेजारच्या पानावरचा नवखा पाहुणा हात आखडता घ्यायचा.

आपल्या तालुक्यातलं नत्र वाया जाऊन राहिलंय, ही त्यांची मोठी तकलीफ होती. गावच्या न्हाव्याच्या दुकानाखाली त्यांचं एक पोतं कायम लावलेलं असे. भरलं की ते खांद्यावर टाकून मामा वावरात जात आणि तुरीच्या दोन ओळींमध्ये चर खणून केस पुरत. कृषी खात्याच्या एका तरुण साहेबांनी त्यांना समजावलं, की काका, केस कुजायला फार दिवस लागतात. मामा म्हणाले, "लागू द्या की. मला कुटं गाडी पकडायची हाय?"

एकदा सिद्धेश्वरच्या धरणावरून मासे साफ करताना निघालेली आतडी आणि खवले त्यांनी थैलीभर आणले. औंढ्याहून एसटीत बसले. थोड्या वेळाने पुढच्या बायकांनी पदर नाकाला लावले, मग मागच्यांनी. कंडक्टर वास घेत घेत मामांपर्यंत आला.

"काय हाय मामा थैलीत?"

"नत्र हाय."

"त्याचं तिकीट काढलं का?"

"लगेज लावा, पन खाली उतरवू नका. इथवर लई लांबून आलंय ते."

कंडक्टरने दोघांनाही, म्हणजे मामांना आणि नत्राला, पुढच्या फाट्यावर उतरवलं. उरलेली वाट मामा चालत आले. आल्यावर त्यांनी कंडक्टरला शिव्या दिल्या नाहीत. "त्याचंबी बराबर हाय," म्हणाले, "त्याला कोनी सांगितलंच न्हाई कदी."

मुलाचं, प्रकाशचं, लग्न जमवायला गेले तेव्हाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तर नवऱ्या मुलाचा बापच बैठकीतून नाहीसा. शोधलं तर मामा पाहुण्यांच्या वावरात उकिडवे बसलेले, हातात उपटलेलं सोयाबीनचं झाड. मुळाची गाठ नखाने फोडली, आत चांगली गुलाबी, पिकल्या पेरूसारखी निघाली. गाठ आतून लाल म्हणजे मंडळी कामात आहेत. पांढरी किंवा मळकट निघाली तर नुसतीच बसून खातायत. मामा झाड हातात घेऊनच बैठकीत आले आणि म्हणाले, "पसंत हाय." मुलीच्या बापाला वाटलं सोयाबीन पसंत आहे. पण सून खरोखरच गुणी निघाली, त्यामुळे या पद्धतीला नावं ठेवायची आमची सोय राहिली नाही.

पुढे प्रकाशने वारंगा फाट्यावर टायरचं दुकान टाकलं आणि बाहेर पाटी लावली, 'येथे नायट्रोजन हवा भरून मिळेल.' मामा पाटीखाली बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "लेका, म्या जिंदगीभर जे जमिनीत कोंबून राहिलो, ते तू टायरात कोंबून राहिला?" बापलेकाचं काही दिवस बोलणं बंद होतं. नंतर मात्र मामा एसटीत अनोळखी माणसालाही अभिमानाने सांगू लागले, "आमचं पोरगंबी नत्राच्याच धंद्यात हाय."

पण मामांचा सगळ्यात आवडता माल म्हणजे जुनी भिंत. आमच्याकडे मातीचं जुनं घर पाडलं की त्याची माती वावरात टाकतात, पीक कसं काळंभोर येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. वर्षानुवर्षं माणसं आणि गुरं त्या भिंतींच्या आत राहतात, त्यांचं सगळं तिच्यात मुरतं. मामांच्या भाषेत भिंत म्हणजे 'बसून राहिलेलं नत्र'. गावात कुणी घर पाडायला काढलं की घरधन्याच्या आधी मामा बैलगाडी घेऊन उभे. म्हाताऱ्याकोताऱ्या भिंतीला हात लावून डोळे पुसत असायच्या आणि मामा त्यांची समजूत घालायचे, "रडू नका माय. लई दिवस बसली. आता फिरू द्या तिला."

आता गयामामीबद्दल सांगितलं पाहिजे. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, सदा हसरी बाई. मामांच्या नत्राला तिने कधी विरोध केला नाही, एका बाबतीत सोडून. गावात केसवाला यायचा. पूर्वी सायकलवर, नंतर मोटारसायकलवर भोंगा लावून: "बाल दो, बर्तन लो!" बायका महिनोन्महिने साठवलेलं गुंतवळ त्याला देत आणि त्यावर डबा, वाटी, पातेलं घेत. मामांच्या दृष्टीने हा भरदिवसा दरोडा होता. भोंगा ऐकला की ते वावरातून पळत येत. "गावाचं नत्र चाललं गाडीवर! कुटं नेऊन नकली केसांचे टोप करतेत त्याचे! ते आता माघारी फिरतंय का?" केसवाला हसून गाडीचा वेग वाढवायचा. तो पुढच्या गल्लीत गेला, की मागच्या दाराने गयामामी पदराखाली पुंजके घेऊन तिकडे हजर.

संध्याकाळी मामांना नवं पातेलं दिसायचं आणि मग बोळाच्या अलीकडे आम्हाला फुकट तमाशा. "विकलंस? माझ्या घरचं नत्र विकलंस?" मामी शांतपणे पातेलं घाशीत म्हणायची, "डोकं माजं, केसं माजे. तुमचं नत्र तुमच्या डोक्यावर ठिवा."

आणि आईला दोन गोष्टींचं नवल वाटायचं. एक म्हणजे, मामीचा अंबाडा लिंबाएवढा. तेवढ्या केसांवर हिला पातेली येतात कशी? मामी स्वतःच कधी कधी काळजीत पडायची, "आक्का, लई गळून राहिले बगा माजे केसं. बघावं तवा ढीग!" आणि दुसरं, न्हाव्याचं अख्खं पोतं दाराशी येत असताना या माणसाला आमच्या दोघींच्या चिमूटभर गुंतवळाची एवढी हाव काहून? पण नत्रमामांच्या बाबतीत 'काहून' विचारायचं आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं.

मी लग्न होऊन हिंगोलीला आले. आमचं औषधाचं दुकान आहे, दिवस काउंटरच्या मागे कसा जातो कळत नाही. गावी जाणं कमी झालं. वेणी घालायला आई नाही, अंगण नाही, फणीतले केस मी नळाखाली सोडून देते आणि दर वेळी मला मामांचा हात आठवतो. काही वर्षांपूर्वी गयामामी गेली. तापाचं निमित्त झालं, बाई दोन आठवड्यांत संपली. मी भेटायला गेले तेव्हा मामा म्हणाले, "फिरतंच असतं, माय." त्यांच्या तोंडचं ते नेहमीचं वाक्य, पण त्या दिवशी मला ते ऐकवलं नाही.

त्यानंतर आईने फोनवर एक चमत्कारिक बातमी दिली. केसवाला आला की मामा आता धावून जात नाहीत. त्याला घरात बोलावतात, चहा पाजतात आणि त्याच्या गाडीवरची भांडी एकेक हातात घेऊन बघत बसतात. आई म्हणाली, "एकटं पडलं की माणूस वैऱ्यालाबी चा पाजतो."

गेल्या उन्हाळ्यात प्रकाशचा फोन आला. आवाज त्रासलेला. त्याने गावातलं जुनं घर पाडून तिथे स्लॅबचं घर बांधायला काढलं होतं. बायको-मुलांना घेऊन तो फाट्यावरच्या भाड्याच्या खोल्या सोडून बापाजवळ राहायला येणार होता. तीन भिंती पडल्या. चौथी, स्वयंपाकघराची, मामा, म्हणजे त्याचे दादा, पाडू देईनात.

"ताई, मिस्त्री बसून हाय. पाऊस तोंडावर आला. दादा भिंतीपुढं खाट टाकून बसले हायत, हलत न्हाईत. मीबी आता तापलो. म्हणालो, ऱ्हावा तुमी भिंतीसंगं, मी फाट्यावरच जागा घेतो, पुन्यांदा गावात पाय ठेवत न्हाई. तू ये. तुझं ऐकतात."

मी दुसऱ्या दिवशी गेले. बोळातून पलीकडे पाहिलं. ज्या घरात मी लहानपणी दिवसदिवस पडून असायचे त्याची सपाट जागा झाली होती आणि मधोमध ती एकटी भिंत उभी होती. चुलीच्या वरचा धुराचा काळा पट्टा, खुंट्या, भांड्यांच्या मांडणीच्या खुणा, सगळं उघड्यावर. भिंतीच्या सावलीत खाट, खाटेवर मामा. खूप वाळले होते.

गावाने अंदाज बांधून ठेवले होते. कुणी म्हणे भिंतीत सोनं आहे, कुणी म्हणे म्हातारा सुनेला घाबरला. मामा स्वतः विचारेल त्याला वेगळं कारण देत होते. भिंत अजून मजबूत आहे. मिस्त्री चांगला नाही. मला म्हणाले, "अमावश्या हाय, माय." घरातली लग्नंसुद्धा ज्यांनी कधी मुहूर्त बघून लावली नाहीत, ते मामा!

मी खाटेच्या कडेला बसले. तिथे बसल्यावर मला मामीच्या हातच्या गरम भाकरीचा वास आला, खरंच आला. मग मी त्यांच्याच पेठेतला माल त्यांना विकायला काढला.

"मामा, केवढं नत्र असेल हो या भिंतीत! तुम्हीच सगळ्या गावाला सांगायचे ना, फिरू द्या म्हणून. मग तुमचंच का अडवून ठेवलंय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "लई हाय नत्र," म्हणाले. उठले, धुराच्या पट्ट्याजवळ गेले, आणि मांडणीच्या खुणेमागे एक चिंधी कोंबलेली होती ती ओढून काढली. मागे हातभर खोल भोक. त्यातून त्यांनी केसांचा एक गोळा बाहेर काढला. मग दुसरा. काळे केस, मधूनमधून पांढरे.

"तुझ्या मामीची तिजोरी," ते म्हणाले. "माझ्यापासून लपवून ठिवायची. तिला वाटायचं मला ठावं न्हाई."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"पयल्यापासून. तिचे केसं पातळ, माय. येवढ्याशा केसात तिला चमचाबी आला नसता. म्या घालीत व्हतो त्यात. तुझं गुंतवळ, तुझ्या आईचं. लांब केसं लागतेत ना त्या मानसाला, न्हाव्याचं चालत न्हाई."

"मग आमच्याकडून न्यायचे ते वावरात नाही..."

"वावराला न्हाव्याचं पोतं व्हतं की."

"आणि मग भांडायचे कशाला एवढे?"

"न भांडून कसं चालंल? तिला शक आला असता." मामा हसले. "तिला लई मजा वाटायची गं लपवायची. माझ्या घरात तिचं स्वतःचं येवढंच व्हतं."

हातातला गोळा ते अंगठ्याने कुरवाळत होते. "हे शेवटचं. तिला झाकणाची कढई घ्यायची व्हती. थोडं कमी पडून राहिलं व्हतं. त्या केसवाल्याला म्या विचारलं, कढईला किती लागतेत. आता कढई आणली तरी दाखवू कोनाला? आन वावरात पुरलं, तर तिनं माझ्यापासून जे वाचवलं ते म्याच मातीत घातलं आसं व्हतंय. भिंतीत हाय तवर वाटतंय, लपवून बसली हाय कुटंतरी घरातच."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मामीसाठी आलं, त्यांच्यासाठी आलं, आणि अंगणात आईच्या पुढ्यात मान खाली घालून बसलेल्या त्या मुलीसाठीही आलं, जिचे केस त्या गोळ्यांत कुठेतरी होते.

डोळे पुसून मी म्हटलं, "मामा, नव्या भिंतीत असंच एक भोक ठेवायला मिस्त्रीला सांगू. याच जागी. प्रकाशला म्हणावं, वाऱ्याला ठेवलंय."

मामांनी विचार केला. "कोनाला सांगायचं न्हाई मातर."

"नाही सांगत." आता तुम्हाला सांगितलं ही गोष्ट वेगळी.

मामांनी दोन्ही गोळे टॉवेलात बांधले आणि गाठ छातीशी धरली. मग प्रकाशला हाक मारली, "पाड रे भिंत! माती समदी वावरात टाक, येक टोपलं बाहेर जाऊ देऊ नको. फिरू दे." प्रकाश धावत आला. त्याने गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी 'विचारू नको' अशी मान हलवली. तो मिस्त्रीला बोलवायला वळला. गाठोड्याला हात लावून मामा मला हळूच म्हणाले, "समदं फिरतंच, माय. येवढं बसू दे."

दिवाळीला गावी गेले. मामांच्या वावरात तूर काळीभोर माजली होती. भिंत टाकली तो पट्टा बांधावरून ओळखू येत होता. नव्या घरात नातवंडांचा गोंधळ, ओट्याच्या वर भिंतीच्या फरशीत एक चौकोनी भोक आणि त्यात एक चिंधी कोंबलेली. सून म्हणाली, "मिस्त्री इसरला वाटतं बुजवायचं. दादा हात लावू देत न्हाईत."

सकाळी आईच्या अंगणात बसून मी केस विंचरत होते. आता माझ्याही फणीत पांढरे येतात. बोळाच्या पलीकडून हाक आली, "मंगल, गुंतवळ फेकू नको बरं का!" आणि पाठोपाठ मामा. मी केस बोटाभोवती गुंडाळले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते खिशात टाकले, सून कुठे आहे ते एकदा वाकून पाहिलं, आणि वावराकडे न जाता स्वयंपाकघरात गेले.